मदत कोणाला, कोणत्या पुराव्यावर?

दुष्काळाचे वर्ष आले, की आपल्याकडे पैसेवारीची चर्चा सुरू होते. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत की वर, यावर शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार हे वर्षानुवर्षे ठरत आले. अमेरिकेत हाच प्रश्न काऊंटीभोवती फिरतो. काऊंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. अशा तीन हजारांहून अधिक काऊंट्या त्या देशात आहेत.

काऊंटीत एका जरी पिकाचे ३० टक्के उत्पादन बुडाले, तरी तेथील कृषिमंत्री ती आपत्तिग्रस्त जाहीर करू शकतात. मग शेतकऱ्यांना कमी व्याजाच्या कर्जाची वाट मोकळी होते. लगतच्या काऊंट्यांनाही हा लाभ मिळतो. सारी काऊंटी एकदम धरली, की मदत लवकर पोहोचते. घोटाळाही इथेच होतो.

२००२ मध्ये दुष्काळी काऊंट्यांतील पशुपालकांना जनावरामागे ठरावीक रोख रक्कम देण्याची योजना निघाली. स्वतःचे नुकसान सिद्ध करण्याची अट नव्हती. २००३ मध्ये अमेरिकी संसदेने ती आणखी सैल केली. आपत्ती कोणतीही चालेल, काऊंटी जाहीर झालेली असली म्हणजे पुरे! त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्यात होते, ते 'कोलंबिया' यान टेक्सासच्या आकाशात कोसळले. अवशेष शोधण्यासाठी तिथे आणीबाणी जाहीर झाली. त्या घोषणेच्या आधारे काही पशुपालक दुष्काळी मदतीला पात्र ठरले. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २००६ मध्ये हिशेब मांडला. १२० कोटी डॉलरच्या या योजनेतील निम्म्याहून अधिक पैसा जिथे दुष्काळ नव्हता किंवा मध्यमच होता, अशा भागांत गेला होता.

आता दुसरी बाजू पाहू. ऑक्टोबर २०१३ च्या सुरुवातीला साउथ डकोटाच्या पश्चिम भागात अवेळी हिमवादळ झाले. गुरे अजून उन्हाळी कुरणातच होती, अंगावर हिवाळ्याची दाट लव आलेली नव्हती. आधी पावसाने भिजलेली हजारो जनावरे बर्फात मेली. मृत जनावरांची भरपाई देणारी योजना २०११ मध्येच संपली होती. त्यात सरकारी कामकाज ठप्प असल्याने काऊंटीतील कृषी कार्यालयांना कुलूप होते. नोंद घ्यायलाही कोणी नव्हते. पशुपालकांना सांगण्यात आले, की मेलेल्या गुरांचे फोटो काढा, साक्षीदार ठेवा, कागद जपा.

हे कागद पुढे कामी आले. फेब्रुवारी २०१४ च्या कृषी कायद्याने ही योजना कायमची केली आणि मागील नुकसानही त्यात धरले. भरपाई जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के ठरली. कुरण वाळल्यास द्यायची मदतही आता दर आठवड्याला निघणाऱ्या दुष्काळाच्या नकाशावरून ठरते. मंत्र्यांच्या घोषणेची गरज उरलेली नाही. अर्थात, काऊंटीची हद्द आहेच. रस्त्यापलीकडचे शेत तितकेच कोरडे असूनही वंचित राहू शकते.

टेक्सासमध्ये मदत होती, पण नुकसान पाहिले गेले नाही. साउथ डकोटात नुकसान डोळ्यांपुढे होते, पण कायदा नव्हता. म्हणून मदतीचे नियम आपत्तीच्या आधी तयार हवेत आणि नुकसानीची नोंद शेताच्या बांधावर व्हायला हवी. शेतकऱ्यानेही पहिल्याच दिवशी आपला पुरावा जपून ठेवावा. पंचनाम्याची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.