टाकीची काच तडकली. गळती नव्हे, पाळच गेली!

बोडीची पाळ कुठे दगा देते, हे आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. वर नाही, पायथ्याशी. पाणी जितके खोल, तितका त्याचा रेटा जास्त. म्हणूनच मामा तलावाची पाळ बांधणाऱ्या जुन्या लोकांनी ती वर निमुळती आणि खाली रुंद ठेवली. बोडी एका एकराची असो की पाच एकरांची, पाण्याची खोली सारखी असेल तर पाळीवरचा रेटाही सारखाच असतो. पाण्याचा पसारा किती, यावर तो अवलंबून नाही.

हाच हिशेब काचेच्या टाकीलाही लागू आहे. रंगीत मासे ठेवायची काचेची टाकी, म्हणजे अ‍ॅक्वेरियम, आता मुंबई-पुण्याची चैन राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी दवाखान्यात, हॉटेलात, शाळेच्या व्हरांड्यात ती दिसते. चार-पाच फुटांपर्यंतची टाकी एकवेळ ठीक आहे. पण सहा फुटी टाकी बसवली की तो शोभेच्या वस्तूचा कारभार राहत नाही, तो लहानसा जलाशय होतो. एक दिवस तिच्या काचेवर केसासारखी रेघ दिसते. मग कोणीतरी सांगतो, "काही नाही होत जी, पुटी लावून देऊ, चालून जाईन."

चालून जात नाही. का, ते पाहू.

किती रेटा, किती वजन

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी घ्या. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे ६८० किलो वजन. काच, रेती, दगड आणि स्टँड वेगळे. समोरच्या सहा बाय दोन फुटांच्या काचेला हे पाणी सुमारे ३४० किलोच्या जोराने बाहेर ढकलत असते. दिवसा, रात्री, सुटीच्या दिवशीसुद्धा. टाकीची उंची दोनऐवजी तीन फूट केली तर हा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, साडेसातशे किलोच्या वर जातो. हौसेने "अजून फूटभर उंच करा" असे सांगणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

उलटा हिशेब मात्र आपल्या फायद्याचा आहे. टाकीतले पाणी निम्म्यावर आणले की काचेवरचा जोर निम्मा नाही, चौथाई होतो. ३४० चे ८५ किलो. चीर दिसल्याबरोबर पहिले काम हेच करायचे. त्याच्याही आधी हीटर, पंप आणि दिव्याचे प्लग बोर्डातून काढायचे, तेही ओल्या हाताने नाही. मग नळी लावून पाणी बादल्यांत उतरवायचे. पोरांना खोलीबाहेर काढावे, पायात जोडे असावेत. काचेला बाहेरून रुंद चिकटपट्टी लावून ठेवावी. पट्टीने काच वाचत नाही, पण तुकडे उडत नाहीत.

गळती वेगळी, चीर वेगळी

आपल्याकडे या दोन्हींना एकच औषध दिले जाते आणि सारा घोळ तिथेच होतो. टाकीच्या कोपऱ्यातून थेंब-थेंब पाणी येत असेल तर तो सांध्याचा दोष असतो. सिलिकॉन जुने झाले, कुणी ब्लेडने घासताना कापले, किंवा उंदराने कुरतडले. सांधा नवा करता येतो. काच तडकली तर गोष्ट निराळी. काच लोखंडासारखी वाकून इशारा देत नाही. पाण्याच्या रेट्याने ती किंचित बाहेर फुगते, बाहेरच्या पृष्ठभागावर ताण येतो आणि चिरेच्या टोकाशी तो ताण साचतो. आज चार बोटे असलेली रेघ उद्या हातभर होते. कधी महिनाभर काही होत नाही आणि मग एका रात्री सगळे पाणी फरशीवर.

दोन गोळे मळून लावायची पुटी सांडपाण्याच्या पाइपाला ठीक, पण अशा काचेवर तिच्याने फक्त चीर झाकली जाते. आतून काचेचा तुकडा सिलिकॉनने चिकटवणे हा उपाय नवी काच येईपर्यंतचा, तोही पाणी निम्म्याच्या खाली ठेवूनच. तळाची काच तडकली असेल तर जुन्या तळावर आतून पूर्ण मापाची दुसरी काच बसवून काम भागू शकते, कारण खाली फळीचा आधार असतो. समोरच्या, मागच्या किंवा बाजूच्या काचेला असा आधार नाही. ती बदलायचीच.

एक पडताळणी करून घ्यावी. काही टाक्यांना टफन काच असते. ती फुटली तर चीर पडत नाही, पूर्ण काचेचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. शिवाय ती भाजल्यावर कापता येत नाही, म्हणून माप आधीच अचूक द्यावे लागते. आपल्याकडच्या बहुतेक टाक्या साध्या काचेच्या असतात. साध्या काचेचा एवढा उपकार, की ती सावध व्हायला वेळ देते.

काच तडकली कशाने?

नवी काच बसवण्याआधी हे शोधले नाही तर सहा महिन्यांत तेच दुखणे परत येते. माझ्या मते दहापैकी निम्म्या वेळा दोष काचेचा नसतोच, स्टँडचा असतो. सागवानी टेबल एका पायाला उधळीने पोखरले, किंवा फरशी एका बाजूला खचली, की सारे वजन टाकीच्या एकाच कोपऱ्यावर येते. गवंडी पाया आखताना पाण्याची लेव्हल नळी वापरतो, तीच इथेही चारही कोपऱ्यांना लावून पाहावी. टाकीखाली थर्माकोलचा एक थर हवा, म्हणजे वाळूचा खडा जरी अडकला तरी तो काचेत न रुतता थर्माकोलमध्ये रुततो.

दुसरे कारण वरच्या आडव्या पट्टीचे. लांब टाकीच्या तोंडावर पुढची-मागची काच धरून ठेवणारी काचेची पट्टी असते. झाकण बसत नाही, जाळे घालता येत नाही म्हणून कोणी ती काढून टाकतो. घराची आडवी तुळई काढून भिंती उभ्या राहतील असे समजण्यासारखेच ते झाले. तिसरे कारण हिवाळ्याचे. थंडीत लावलेला हीटर पाणी बदलताना उघडा पडतो, तापतो आणि त्यावर गार पाणी पडले की हीटरची नळी तडकते. हीटर काचेला टेकून असेल तर टाकीची काचही.

काच आणायची कशी

भामरागडहून आलापल्ली साठ-पासष्ट किलोमीटर. मोठी, जाड काच तिथे मिळाली नाही तर चंद्रपूर गाठावे लागते. सहा बाय दोन फुटांच्या टाकीला १२ मिलिमीटर जाडीची काच धरावी. तिचे एकट्या पल्ल्याचे वजन सुमारे ३३ किलो भरते, म्हणजे दोन माणसांचे काम. कडा घासून घ्यायला दुकानदाराला आवर्जून सांगावे, कारण कडेवरचा बारीक टवकाच पुढच्या चिरेचे बी असतो. जीपमध्ये काच आडवी टाकू नये. ती उभी, कडेवर ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी तणसाच्या पेंढ्या दाबून बांधाव्यात. धानाच्या तणसासारखी गादी शहरातल्या दुकानातही मिळायची नाही.

माप घेताना जुनी काच तळाच्या काचेवर उभी आहे की तळाच्या कडेला बाहेरून चिकटली आहे, ते पाहावे. चिकटवण्यासाठी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. काच काचेला टेकायला नको, मध्ये सिलिकॉनची गादी असायला हवी.

आणि हे सारे पावसाळ्याआधी आटोपावे. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी भामरागडच्या बाजारपेठेत शिरले होते, ते लोक विसरलेले नाहीत. रस्ता तुटल्यावर काच मिळत नाही आणि मासे तर थांबायला तयार नसतात.

बसवण्याचे काम

टाकी रिकामी करून अंगणात किंवा पडवीत थर्माकोलवर पाठीवर आडवी करावी, म्हणजे तडकलेली समोरची काच वर येते. सांध्यात ब्लेड फिरवावे. ब्लेड पोचत नाही तिथे मासेमारीची बारीक तंगूस किंवा पोलादी तार दोन टोकांना धरून करवतीसारखी ओढावी. काच सुटली की खरे काम सुरू होते, आणि नेमका इथेच मिस्त्री कंटाळतो. नवे सिलिकॉन जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही. म्हणून जुन्याचा कणही ठेवायचा नाही. ब्लेडने खरडून, नंतर स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोनने पुसून काच कोरडी करावी. एक काच बदलली तरी आतल्या चारही कोपऱ्यांची सिलिकॉनची भर काढून नवी घालावी. तसे केले नाही तर नवे-जुने जिथे भेटते तिथूनच पाणी वाट काढते.

सिलिकॉन कोणते? ज्याला सिरक्यासारखा आंबट वास येतो ते साधे, काचेसाठीचे. न्हाणीघराच्या फरशीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना विष. नळीवरचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नये. कडेवर सलग, न तुटता जाडसर धार ओढावी, काच हलकेच वरून ठेवावी आणि इतकेच दाबावे की बुडबुडे निघतील, सगळे सिलिकॉन बाहेर येऊ नये. दोन दिवस हात लावायचा नाही. मग आतून कोपरे भरायचे.

लोक घाई करतात ती इथे. वरून तासाभरात ते वाळलेले दिसते, आत मात्र ओलेच असते. सिलिकॉन उन्हाने वाळत नाही, हवेतला दमटपणा खाऊन घट्ट होते. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यात त्याला जास्त वेळ लागतो. जवळ शेगडी ठेवून काही साधत नाही. १२ मिलिमीटर काचेच्या सांध्याला किमान सात दिवस द्यावेत. त्यानंतर टाकी अंगणातच, सपाट जागी, खाली वर्तमानपत्र पसरून पाव-पाव भरत जावी. कागद ओला झाला तर थेंब कुठून येतो ते लगेच कळते. भरलेली टाकी दोन-तीन दिवस तशीच ठेवून मगच घरात न्यावी, आणि नेताना पुन्हा रिकामी करून. भरलेली काय, चौथाई भरलेली टाकीही उचलू नये.

तोवर मासे कुठे?

प्लॅस्टिकचा ड्रम किंवा सिमेंटचे टाके चालते, पण त्यात टाकीतलेच जुने पाणी भरावे. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल टाकलेली असते. ते पाणी घ्यायचेच तर एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन उडू द्यावा. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असावा. तोंडावर ओले फडके बांधावे, मासे उड्या मारतात.

एक गोष्ट कृपा करून करू नये : "ठेवायला जागा नाही" म्हणून मासे पामुलगौतम, पर्लकोटा किंवा इंद्रावतीत सोडणे. टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. तो आपल्या देशात अनेक जलाशयांत पसरला आहे, उजनीच्या मच्छीमारांच्याही जाळ्यात तो येतो, जाळे फाडतो आणि बाजारात त्याला कोणी घेत नाही. आपल्या तीन नद्यांच्या संगमावर मरळ आणि वाम धरणाऱ्या माणसाच्या पोटावर हे संकट आणू नये.

मोठ्यांचीही गत

खेड्यातल्या टाकीची गोष्ट म्हणून कोणी हसू नये. जर्मनीत बर्लिनच्या एका हॉटेलात दहा लाख लिटर पाण्याची ॲक्रिलिकची गोल टाकी होती. अलीकडेच तिची मोठी दुरुस्ती झालेली होती. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ती फुटली, सुमारे दीड हजार मासे होते, त्यांतले बहुतेक मेले. पाणी रस्त्यावर आले. पहाटेची वेळ होती म्हणून माणसे वाचली, दोघे जखमी झाले. पुढे तपास झाला तेव्हा चिकटसांधा सुटणे, दुरुस्तीत तळाशी पडलेली खाच, टाकी रिकामी राहून ॲक्रिलिक कोरडे पडणे, अशा शक्यता पुढे आल्या. ठामपणे एकच कारण सांगता आले नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे, राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे. २०१५ मध्ये ते नव्या बोगद्यासह पुन्हा उघडले आणि पुढे इमारतच मोडकळीला आल्याने बंद करावे लागले. टाकी नवी केली तरी तिच्याखालचे आणि भोवतालचे बांधकाम जुनेच राहते, हे त्यातून दिसते.

सरपंच-ग्रामसेवकांसाठी थोडे

शाळेची किंवा पंचायतीची टाकी फुटली की ती बहुधा कोपऱ्यात धूळ खात पडते. कारण ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते, निर्लेखनाचा ठराव कोणी घेत नाही आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या शीर्षात घालायचा यावर पत्रव्यवहार चालतो. एकच काच गेली असेल तर दुरुस्ती परवडते. दोन काचा गेल्या, किंवा उरलेल्या काचांवर रेघोट्या आणि टवके असतील, तर त्या टाकीवर पैसा घालू नये. निर्लेखन करून नवी, पण दीड फुटापेक्षा कमी उंचीची घ्यावी. मुलांना मासे तितकेच दिसतात.

आणि बचत गटाला रंगीत मासे पाळून विकायचे असतील तर काचेच्या टाकीच्या नादी लागू नये, सिमेंटचे उथळ हौद बांधावेत. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संवर्धनाचा घटक होता, त्यात अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान ठेवले होते. आज काय लागू आहे ते गडचिरोलीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून, लेखी घेऊनच हौदाची चर खणावी.