कार्ड भरत आले की

मनवेलपाड्याहून सुट्टीच्या दिवशी वसईचा किल्ला अथवा अर्नाळ्याचा किनारा पाहावयास निघालेला हौशी छायाचित्रकार, कार्ड भरत आल्याची सूचना दिसताच, प्रतिमेचा आकार 'लहान' करून मोकळा होतो. परंतु ही तजवीज सर्वांत घातक होय, कारण न टिपलेले बिंदू पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. त्यापेक्षा जेपेगचा दर्जा एक पायरी उतरवावा. ही पद्धती चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि बंगळूरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या गणिती रूपांतराच्या आधारे, नेत्रांस सहसा न जाणवणारा सूक्ष्म तपशील तेवढा खारीज करते. म्हणूनच झाडाझुडपांनी वेढलेल्या तटाचे चित्र निरभ्र आकाशाच्या चित्राहून अधिक जागा अडविते. रॉ फाइलीचा हिशेब निराळा: २.४ कोटी बिंदू, प्रत्येकी १४ बिट, म्हणजे संक्षेपाविना सुमारे ४२ मेगाबाइट, आणि ६४ गिगाबाइटच्या कार्डात जेमतेम दीड हजार चित्रे! भर दुपारचे ऊन व कमानीखालचा काळोख एकाच चौकटीत येत असेल, तरच ही चैन करावी. व्हॉट्सॲपवर घरी धाडलेले छायाचित्र मात्र नक्कल समजू नये; ते वाटेतच आकसते. मूळ फाइल अन्यत्र उतरवून, उघडून पाहिल्याखेरीज कार्ड पुसू नये.