वायुगळती तपासणी, घरगुती
सिलिंडर किंवा नळजोड यापासून शेगडीपर्यंतच्या नळ्या, झडपा व सांधे यांतून इंधनवायू बाहेर पडतो की काय, हे निश्चित करण्याची क्रिया. भारतात घरगुती वापरात मुख्यतः दोन इंधनवायू आहेत : सिलिंडरमधील द्रवीभूत खनिज तेल वायू (प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण) आणि नळाने मिळणारा नैसर्गिक वायू (मुख्यतः मिथेन). पहिला हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. दुसरा हलका असल्याने छताखाली साचतो. हवेतील त्यांचे प्रमाण अनुक्रमे सु. २ ते ९ टक्के व ५ ते १५ टक्के असल्यास ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो.

हे वायू मूलतः जवळजवळ गंधहीन असतात. अमेरिकेत टेक्सस राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी साचलेल्या गंधहीन नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सु. ३०० जण, बहुतांश विद्यार्थी, मृत्यू पावले. त्यानंतर वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती तेथे झाली. द्रवीभूत वायूत यासाठी एथिल मरकॅप्टन वापरतात. तथापि सर्दीमुळे वास कळत नाही आणि सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते. म्हणून वास न येणे हा गळती नसल्याचा पुरावा नव्हे.

तपासणीसाठी शेगडीच्या सर्व तोट्या बंद करून रेग्युलेटर चालू ठेवतात. त्यामुळे नळीत वायूचा दाब राहतो. मग रेग्युलेटरचा जोड, नळीची दोन्ही टोके व तोट्या यांवर साबणाचे पाणी कुंचल्याने लावतात. बुडबुडे येऊन वाढत गेल्यास तेथे गळती आहे असे समजतात. पेटती काडी धरून तपासणी कधीही करू नये. भिंतीतील नळ्यांपर्यंत साबणाचे पाणी पोहोचत नसल्याने तज्ञ कारागीर सर्व तोट्या बंद करून दाबमापक जोडतात. दाब घटत गेल्यास गळती ठरते. सिलिंडरच्या झडपेतील रबरी कडे झिजल्यानेही वायू सुटतो. रबरी नळी वाकवून भेगा पाहाव्यात व तिच्यावर छापलेली मुदत संपताच ती बदलावी. तुकडे जोडून ती लांबवू नये.

गळती आढळल्यास ज्योती विझवून रेग्युलेटर किंवा नळजोडाची मुख्य झडप बंद करावी आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालू अथवा बंद करू नये, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. घराबाहेर गेल्यावरच दूरध्वनी करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी भारतात १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे.