चेनसॉसाठी योग्य साखळीची निवड

भंडारा जिल्ह्यात दिघोरीसारख्या धानाच्या गावी धुऱ्यांवर बाभळीची झाडे असतात. वादळात एखादे झाड बांधीत कोसळल्यास रोवणीपूर्वी ते हलविणे भाग पडते. हे काम आता पुष्कळ ठिकाणी कुऱ्हाडीऐवजी चेनसॉने, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीने, केले जाते. परंतु यंत्र नीट कापत नाही म्हणून इंजिनाच्या दुरुस्तीवर पैसा खर्च होतो आणि दोष मात्र साखळीचा निघतो, असे अनेकदा घडते. सबब साखळी कशी निवडावी, हे शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम माप पाहावे

साखळी यंत्रास बसेल किंवा कसे, हे तीन मापांवरून ठरते. पहिले माप पिचचे. लागोपाठच्या तीन रिवेटांपैकी पहिल्या व तिसऱ्या रिवेटमधील अंतर मोजून त्याचे निम्मे करावे; तेच पिचचे माप होय. ३/८ इंच व ०.३२५ इंच ही मापे नेहमी आढळतात. दुसरे माप गेजचे, म्हणजे पट्टीच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांच्या जाडीचे, उदाहरणार्थ ०.०५० किंवा ०.०५८ इंच. तिसरे माप म्हणजे या कड्यांची एकूण संख्या. ही मापे बहुधा पट्टीवर कोरलेली असतात.

तिन्ही मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. पिच चुकल्यास साखळी दातेरी चक्रावर बसत नाही. गेज जास्त असल्यास ती खाचेत शिरत नाही, व कमी असल्यास डगमगते आणि निसटण्याचा धोका राहतो.

नंतर दात पाहावा

१९४६ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या गृहस्थाने लाकूड पोखरणारी एक अळी न्याहाळली. ती आपले वक्र जबडे डावी-उजवीकडे चालवून लाकूड कुरतडीत होती. त्यावरून त्याने साखळीच्या दाताची नवी घडण केली. आजही साखळीवर एक दात डावा व पुढचा उजवा असाच क्रम असतो.

या दातांचे मुख्य प्रकार दोन. फुल चिझल दाताचा कोपरा टोकदार चौकोनी असतो. तो स्वच्छ व मऊ लाकूड झपाट्याने कापतो; परंतु माती लागताच त्याची धार जाते. सेमी चिझल दाताचा कोपरा किंचित गोलसर असतो. त्याचा वेग थोडा कमी, पण धार अधिक काळ टिकते.

धुऱ्यावरील बाभूळ जात्याच कठीण, वाळल्यावर अधिकच कठीण. शिवाय तिच्या बुंध्यावर चिखल उडालेला असतो. अशा कामास सेमी चिझल साखळीच इष्ट होय. वेगाच्या लोभाने फुल चिझल घेतल्यास कापण्यापेक्षा कानस मारण्यातच वेळ जाईल. ओंडका लांबीत चिरून फळ्या काढावयाच्या असल्यास त्यासाठी निराळी साखळी मिळते. तिच्या दातांचा कोन सुमारे १० अंशांचा असतो.

सुरक्षितता व निगा

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागल्यास करवत क्षणार्धात उलट उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. यासाठी नवशिक्याने असा झटका कमी करणारी, संरक्षक कड्यांची साखळी घ्यावी. तरीही टोकाने कापणे टाळावेच.

कापताना ढलप्यांऐवजी पीठ पडू लागले, म्हणजे धार गेली असे समजावे. इंजिन बंद करून, हातमोजे घालून, साखळीच्या मापाची गोल कानस वापरावी. ०.३२५ इंच पिचसाठी साधारणतः ४.८ मिलिमीटरची कानस लागते. साखळीला तेल पोहोचते की नाही, हे रोज पाहावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील प्रत्येक चेनसॉची तिन्ही मापे तिच्या मालकास कागदावर लिहून द्यावीत. तो कागद दाखवूनच नवी साखळी घ्यावी. तसेच झाड तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्यान्वये परवानगी लागते किंवा कसे, याची चौकशी वनाधिकाऱ्यांकडे आधी करावी.