छाटणीवाल्याचा दाखला

इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग छाटायला येणारी टोळी बहुधा झाडामागे किंवा एकरी दर ठरवून येते, काम उरकते आणि पैसे घेऊन पुढच्या बागेत जाते. कामात काही चुकले असेल तर ते पैसे मोजताना दिसत नाही. तेल्या रोगाचे जिवाणू रोगट फांदीवरून कात्रीच्या पात्यावर आणि पात्यावरून पुढच्या झाडाच्या ताज्या जखमेत जातात. पानांवर, फळांवर तेलकट डाग उमटतात ते पुढे, दमट हवा मिळाल्यावर. तोवर टोळी चौथ्या गावात असते. रस्त्याकडेच्या कडुनिंबाचे तर आणखी उशिरा कळते. फांदी खोडाला मिळते तिथली फुगीर कड सोलून काढली किंवा हातभर खुंट मागे ठेवला, तर जखम नीट मिटत नाही, आत कूज शिरते आणि काही वर्षांनी वादळी पावसात झाड तिथूनच मोडते. या धंद्याला अधिकृत दाखला हवा असे मला वाटते ते याच कारणासाठी. ज्या कामाचा कस पैसे देताना लागत नाही, तिथे त्या कारागिराची पारख तिसऱ्या कोणीतरी आधी करून ठेवावी लागते. वायरमनला परवाना लागतो, त्यामागेही हाच विचार आहे.

आपल्या व्यवस्थेत छाटणीवाला मात्र कुठेच बसत नाही. महाराष्ट्राचा शहरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. पण कायद्याचा सारा भर परवानगी कोणी द्यायची यावर आहे. करवत कोणाच्या हातात असावी, याची विचारपूस नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात हार गुंफणारा माळी आहे, झाड छाटणारा नाही. जगात या कामाचा सर्वांत परिचित दाखला आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेचा. ही संस्था १९२४ मध्ये अमेरिकेत निघाली. तिच्या ‘प्रमाणित आर्बोरिस्ट’ परीक्षेला बसायला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि दाखला दर तीन वर्षांनी, मधल्या काळात काही नवे शिकल्याचे दाखवून, नव्याने मिळवावा लागतो. मुंबई-पुण्यातल्या सल्लागाराला तो शोभतो. निमगाव केतकीच्या छाटणीवाल्याला त्याची लेखी परीक्षा काय कामाची? त्याच्या जवळचा मार्ग २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. हाताला आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय तिथे आहे, आणि कृषी कौशल्य परिषदेच्या यादीत माळीकामही आहे. मात्र कुंड्या, हिरवळ आणि वाफे सांभाळणे वेगळे आणि पंचवीस फुटांवर दोर बांधून फांदी उतरवणे वेगळे. उंचावरच्या कामाची आणि फळबागेच्या छाटणीची परीक्षा स्वतंत्रच हवी.

यावर पहिला आक्षेप बागाईतदाराचा असेल: माझी बाग मला कळते, मला दाखल्याची गरज नाही. खरे आहे. बोरीचा द्राक्षवाला ऑक्टोबर छाटणीला काडीवर किती डोळे ठेवायचे ते स्वतः उभा राहून सांगतो. दाखल्याची गरज आहे ती पैसे देणाऱ्याला झाडातले काही कळत नाही तिथे: नगरपरिषदेचा ठेका, शाळेचे आवार, देवस्थान, सोसायटी आणि पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखाली सरसकट शेंडे मारण्याचे काम. बारामती-इंदापूरवरून जाणारा पालखी मार्ग रुंद झाला. त्याच्या कडेला पुन्हा सावली धरायची असेल तर कोवळ्या झाडांना पहिली काही वर्षे वळण द्यावे लागेल, आणि ते काम कुऱ्हाडीचे नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दाखला म्हणजे आणखी एक कागद. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो कसबी माणूस बाहेर राहील आणि कागदवाला आत येईल. उपाय एकच, परीक्षा झाडाखाली घ्यावी. फांदी दाखवावी. जड फांदीला तो आधी खालून काप घेतो का, मग वरून कापून शेवटी कड सांभाळून खुंट काढतो का, हे पाहावे. झाड बदलताना कात्री निर्जंतुक करतो का, हे पाहावे. यात अक्षराची गरज नाही. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात नारळावर चढणाऱ्यांसाठी असेच काम सुरू केले: सहा दिवसांचे प्रशिक्षण, चढण्याचे यंत्र आणि अपघात विमा. त्यातला विमा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या जिवावर काम करणारा माणूस झाडावरून पडला तर त्याला मालक नसतो, भरपाई मागायची कोणाकडे?

दर वाढतील, हा तिसरा आक्षेप, आणि तो मान्यच करावा लागतो. झाडामागे पैसे मिळत असतील तर कात्री जंतुनाशक द्रावणात बुडवण्यात गेलेले प्रत्येक मिनिट मजुराच्या खिशातून जातो. दोन कात्र्या ठेवून एक द्रावणात, एक हातात, असे केले तर वेळ वाचतो. पण दुसऱ्या कात्रीचे आणि द्रावणाचे पैसे कोणीतरी द्यायला हवेत. नियम पाळण्याचा खर्च दरात धरला नाही, तर दाखलेवालाही तीच घाई करील. तेल्याने बाग बसली की होणारा तोटा या वाढीव दराच्या कितीतरी पट असतो, हे डाळिंबवाल्याला सांगायला नको.

सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र कात्री निर्जंतुक करण्याचा सल्ला देतच आहे, शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राकडे बागा आहेत आणि तज्ज्ञही. परीक्षा तिथे होऊ शकते. उरते ती मागणी. बारामती आणि इंदापूरच्या नगरपरिषदांनी वृक्षछाटणीच्या निविदेत प्रशिक्षित आणि विमा उतरवलेल्या माणसाची अट घालावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.