गाडी किती देते? : मायलेजचा आकडा आणि त्याच्या अटी

मोटार किंवा दुचाकी घेणारा ग्राहक विक्रेत्याला ‘ही गाडी किती देते?’ असे विचारतो, तेव्हा उत्तरादाखल मिळणारा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. तो अपुरा असतो, आणि कंपन्या आपल्या मालाची गैरसोयीची कामगिरी ग्राहकापुढे कितपत प्रामाणिकपणे मांडतात याची खरी परीक्षा या अपुरेपणातच होते.

एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर जाते, म्हणजे बोलण्यात ज्याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात, तो आकडा पुण्यात 1966 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) किंवा तिच्यासारखी मान्यताप्राप्त संस्था प्रमाणित करते. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके रोलरवर ठेवली जातात, समोरचा मोठा पंखा वारा घालतो, आणि चालक पडद्यावर सरकणाऱ्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो, कमी करतो, ठरल्या वेळी थांबतो. या आखून दिलेल्या क्रमाला ‘ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. मोटारींसाठी भारतात रूढ असलेला क्रम जेमतेम 20 मिनिटांचा असून त्यात वेग ताशी 90 किलोमीटरपलीकडे जात नाही आणि एसी बंद असतो. जळालेले पेट्रोलही मापाने मोजत नाहीत. सायलेन्सरमधून येणारा धूर पिशव्यांत गोळा करून, त्यातील कार्बनच्या प्रमाणावरून इंधनाचा हिशेब काढला जातो.

ही पद्धत निरर्थक नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकाच मापाने मोजले पाहिजे, आणि ते काम ती चोख करते. मात्र मे महिन्यात एसी लावून, चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि जाहिरातीत हा आकडा ठळक अक्षरांत येतो तेव्हा त्याच्या अटी तळाशी, तारांकित बारीक ओळीत गेलेल्या असतात. उदाहरणार्थ, 22 किलोमीटर गृहीत धरून घेतलेली गाडी प्रत्यक्षात 16 देत असेल, तर महिन्याला 1000 किलोमीटर चालवणाऱ्याला सुमारे साडेपंचेचाळीसऐवजी साडेबासष्ट लिटर पेट्रोल लागते. हे जादा 17 लिटर दरमहा त्याच्याच खिशातून जातात.

सोयीचे आकडे कसे निवडले जातात, हे अमेरिकेतील ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या प्रकरणात उघड झाले. प्रयोगशाळेतील रोलरवर किती भार ठेवायचा हे ठरवण्यासाठी आधी धावपट्टीवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून तिचा वेग कसा उतरतो ते पाहतात, कारण हवेचा आणि टायरचा विरोध त्यावरूनच कळतो. या मोजणीत सरासरीऐवजी अनुकूल निकाल निवडले गेले आणि वारा पाठीमागून असतानाची मापे वापरली गेली, असे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तपासात आढळले. नोव्हेंबर 2012 मध्ये सुमारे 9 लाख गाड्यांचे मायलेज खाली आणावे लागले, ग्राहकांना इंधनखर्चातील फरकाची भरपाई द्यावी लागली, आणि 2014 साली 10 कोटी डॉलरचा दंड झाला. यातले प्रत्येक माप सुटे घेतले तर खरेही असेल. अन्याय झाला तो निवडीमुळे. नियामकाने मुळातील मोजणी पुन्हा केली नसती, तर एकट्यादुकट्या ग्राहकाला आपल्याच चालवण्यात दोष आहे असे वाटून गप्प बसावे लागले असते, आणि ही गोष्ट दंडाच्या रकमेपेक्षा अधिक गंभीर आहे.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असला पाहिजे, आणि ग्राहकाच्या निर्णयासाठी महत्त्वाची माहिती खुलाशाच्या आडून लपवता येत नाही. हा नियम मायलेजच्या तारांकित ओळीला काटेकोरपणे लावला, तर ‘एसी बंद असताना, प्रयोगशाळेत’ हे शब्द आकड्याइतकेच मोठे छापावे लागतील.

ते अशक्य नाही, हे विजेवरच्या स्कूटरच्या काही उत्पादकांनी दाखवले आहे: एका चार्जिंगमध्ये मिळणारे प्रमाणित अंतर आणि रोजच्या रस्त्यावर मिळणारे कमी अंतर, असे दोन्ही आकडे ते देतात. पेट्रोल मोटारीच्या माहितीपत्रकात तो दुसरा, लहान आकडा सहसा आढळत नाही. तो मालकालाच टाकी काठोकाठ भरून, किलोमीटरची नोंद करून, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पाहून काढावा लागतो.