रत्नखनिज-संग्रह, वसई–विरार परिसरातील

वसई–विरार परिसरात (पालघर जिल्हा) हौशी संग्राहकास मिळू शकणारी स्फटिकरूप खनिजे मुख्यतः बेसाल्टी लाव्हा-प्रवाहांतील पोकळ्यांत असतात. हे प्रवाह दक्षिण ट्रॅपचा भाग असून सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. येथे हिरा वा माणिक शोधणे व्यर्थ होय. अकीक, कॅल्सेडोनी व जॅस्पर ही गारगोटीच्या गटातील उपरत्ने आणि पैलू पाडण्यापेक्षा पाहण्यासच योग्य अशी झिओलाइटे हाच येथील संग्राहकाचा खरा विषय आहे.

लाव्हा निवताना वायूंचे बुडबुडे वर चढून प्रवाहाच्या माथ्याशी अडकतात. पुढे खडकात झिरपणाऱ्या उष्ण पाण्यातून या पोकळ्यांत स्फटिक वाढतात. त्यामुळे प्रवाहाचा मधला घट्ट, काळा भाग बांधकामास उत्तम असला, तरी संग्राहकाच्या दृष्टीने बहुधा निष्फळ ठरतो. दोन प्रवाहांमध्ये पुष्कळदा तांबडा, मातकट थर दिसतो. त्याच्या लगेच खाली असलेला सच्छिद्र पट्टा प्रथम तपासावा.

पश्चिमेकडील वाड्यांची जमीन वाळूची व गाळाची असल्याने तेथे काही हाती लागत नाही. शोध घ्यावयाचा तो पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या दगडखाणींत आणि रस्त्यांसाठी कापलेल्या कडांवर. ओढ्यांच्या पात्रांत अकीक व जॅस्परचे गोटे टिकतात, कारण त्यांची कठिनता सु. ७ असते, ३·५ ते ४ कठिनतेचे स्टिल्बाइट तेथे केव्हाच झिजून जाते. खाणीत मालकाची परवानगी आवश्यक असून सुरुंगाने सैल झालेल्या कड्याखाली, विशेषतः पावसाळ्यात, उभे राहू नये. तुंगारेश्वर अभयारण्यातून दगड उचलता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनातील खडक व खनिजे हीसुद्धा वनोपज ठरतात.

नमुने धुण्यास अम्ल वापरू नये. त्याने कॅल्साइट विरघळते व अनेक झिओलाइटेही बिघडतात. ओकेनाइटाचे कापसासारखे गोळे तर पाण्यानेही चिकटून जातात. लोमाँटाइट हवेत पाणी गमावून भुगा होते. ॲपोफायलाइटाचे पाटन परिपूर्ण असल्याने ते हातोड्याच्या हलक्या धक्क्यानेही दुभंगते. म्हणून स्फटिक मोकळा न करता भोवतीच्या खडकासह काढावा.

दगडखाण हे अल्पायुषी स्थळ आहे. उघडी पडलेली पोकळी काही दिवसांतच खडीयंत्रात जाते आणि खाण बंद पडली की तिच्यावर वस्ती उभी राहते. शेजारच्या मुंबईतील मालाड व कांदिवली येथील खाणींतून निघालेले प्रेहनाइटाचे नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत. अशा नमुन्याचे मोल त्याच्या चिठ्ठीवरही अवलंबून असते. तीवर गाव, खाण, प्रवाहातील जागा व दिनांक यांची नोंद त्याच दिवशी करावी. नुसते ‘मुंबईजवळ’ एवढेच लिहिलेला सुंदर स्फटिक अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.